रविवारची उतरंड

गवई मॅडमना जुनी गाणी आवडत नसत असं नाही, त्या ती ऐकतच नसत. पन्नाशी उलटलेली बाई, निम्मे केस पांढरे, नाकावर घसरणारा चष्मा, अकोल्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोलाची शिक्षिका. आणि कानात मात्र कायम गेल्या पंधरवड्यात निघालेलं गाणं. मी तेव्हा रसायनशास्त्र शिकवायला नवीनच लागले होते. इतिहासाचे ढोक सर एकदा डबा खाताखाता म्हणाले, "आताच्या गाण्यांत ठेवलंय काय? गाणी होती ती आमच्या वेळची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, नवीन माणसाने मान डोलवायचीच असते. मॅडम भाकरी मोडत शांतपणे म्हणाल्या, "सर, तवा तुमी जवान होते ना, म्हनून थे गोड लागे. गान्याचं काय त्यात?"

ढोक सर हसले, पण दोन दिवस त्यांनी मॅडमना लोणचं विचारलं नाही.

मॅडम अमरावतीला राहायच्या आणि रोज बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला यायच्या. नवीन गाण्याची पहिली परीक्षा त्या प्रवासात. मूर्तिजापूर येईपर्यंत कंटाळा आला तर गाणं तिथेच उतरून जाई. दुसरी परीक्षा स्वयंपाकघरात. पोळ्या लाटताना गाणं लावायचं, आणि लाटण्याचा हात आपसूक थांबला तर ते पास. "आणि तिसरी परीक्षा?" मी विचारलं होतं. "तिसरी म्हंजे चार दिवस आयकायचंच नाई. मंग आठोन येते का पाहाचं. डोक्यात चिकटलं म्हंजे आवडलं, असं नसते. चिंचही दाताले चिकटते."

या सगळ्यातून पार पडलेल्या दहा नव्या गाण्यांची यादी दर रविवारी सकाळी मॅडमच्या फोनच्या स्टेटसवर झळकायची. हिंदी, मराठी, पंजाबी, कधी एखादं न समजणाऱ्या भाषेतलंही. त्या यादीला त्या उतरंड म्हणत. एकावर एक दहा मडकी, सगळ्यात वरचं ते एक नंबरचं. "मधलं एखादं हाललं का वरची सारी हालतात," त्या म्हणायच्या, "म्हनून हात लावाच्या आधी इचार कराव लागते." दुसऱ्या दिवशी स्टेटस पुसलं जाई, आणि मॅडम यादी कुठेही लिहून ठेवत नसत. मी एकदा म्हटलं, जपून ठेवा की. तर म्हणाल्या, "गेल्या आठोड्याची मेथीची भाजी ठेवतं का कोनी?"

ती यादी पाहणारी माणसं तरी किती? आम्ही स्टाफचे काही जण, आजीमाजी विद्यार्थिनी, अमरावतीतला त्यांचा भाजीवाला आणि नात्यातले लोक. कुणाच्या गाण्याला त्या यादीने एक श्रोता जास्त मिळाला असेल असं मला वाटत नाही. पण गंमत अशी की आम्ही सगळे रविवारी ती उघडून बघायचो. ढोक सरसुद्धा. सोमवारी येऊन ते म्हणत, "चार नंबर अगदीच भिकार हो मॅडम," म्हणजे त्यांनी चार नंबरपर्यंत ऐकलेलं असायचं.

आणि सोमवारी मॅडम आपलं एक नंबरचं गाणं गुणगुणत वर्गात नकाशा टांगायच्या. ही त्यांची सवय साऱ्या कॉलेजला माहीत होती. आवाज बेताचा, सूर हालता, पण नकाशाची दोरी खिळ्याला अडकेपर्यंत एक कडवं पूर्ण व्हायचं. पोरी आधीच पैज लावून बसत आणि नकाशा टांगून होईस्तोवर ताल धरत.

एप्रिलमध्ये उतरंडीवर फार ताण यायचा. चौदा तारखेच्या जयंतीच्या आधी नव्या गाण्यांचा पूर येतो. मॅडमच्या घरचं वातावरणच जयंतीचं. त्यांचे दीर दरवर्षी स्वतः गाणं लिहून, चाल लावून, रेकॉर्ड करून काढायचे. एका वर्षी ते गाणं नवव्या नंबरावर आलं. दिरांनी वहिनीशी बोलणं टाकलं. सासूबाईंनी समजावलं, जाऊबाई रडल्या. मॅडमचं एकच, "भाऊजी, भक्ती येगळी, नंबर येगळा. तुमची भक्ती एक नंबर हाय. चाल नव नंबर हाय." पुढच्या वर्षी दिरांनी चाल दुसऱ्याकडून करून घेतली. गाणं तीनवर आलं आणि बोलणं सुरू झालं.

पण मॅडमचं नाव झालं ते सचिवांच्या मुलामुळे. आमच्या संस्थेच्या सचिवांच्या चिरंजीवांनी एक गाणं काढलं होतं. चिखलदऱ्याच्या धुक्यात भाड्याची जीप, जीपच्या टपावर चिरंजीव, आणि आवाज मशीनमधून इतका गाळून घेतलेला की त्यात चिरंजीव उरलेच नव्हते. सगळ्या स्टाफने ते आपापल्या स्टेटसवर ठेवलं. मीही ठेवलं, हात जोडल्याच्या खुणेसह. रविवार आला. उतरंडीत ते गाणं नव्हतं. पुढच्या रविवारीही नव्हतं. मग प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. मी काही कागदांवर सही घ्यायला तिथेच उभी होते.

"मॅडम, दहावा नंबर तरी द्या. तुमचं काय जाते?"

"सर, भूगोलाच्या पेपरात दोन मार्कं वाढवून पायजे असतील तर सांगा, त्यात मॉडरेशन असते. उतरंडीत मॉडरेशन नाई."

त्या वर्षी परीक्षेच्या सगळ्या कंटाळवाण्या ड्युट्या मॅडमच्या वाट्याला आल्या. त्यांनी त्या गुणगुणत केल्या. पोरींमध्ये मात्र मॅडम एकदम देवी झाल्या. 'मॅडमची उतरंड म्हंजे खरं काम,' असं पोरी एकमेकींना सांगू लागल्या. त्या पोरींत निकिता होती.

निकिता भातकुलीजवळच्या एका गावची. वडिलांची पिठाची चक्की. अकोल्याला मावशीकडे राहून आमच्याकडे बारावी सायन्स करत होती, भूगोल आणि रसायन दोन्ही घेऊन. गळा गोड होता. स्नेहसंमेलनात ती गायली की मॅडम पहिल्या रांगेत डोळे मिटून बसायच्या. बारावीनंतर तिला अमरावतीला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला आणि पहिल्याच वर्षात तिने आपलं पहिलं गाणं काढलं. चक्कीवाल्या बापाला कोण आनंद! त्यांनी शनिवारी गावी रोडग्यांचं जेवण ठेवलं आणि आम्हा दोघींना आग्रहाने बोलावलं.

गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, वर तुपाची धार. अंगणात स्पीकर लावला होता आणि त्यावर निकिताचं गाणं पुन्हापुन्हा. मॅडमना मधल्या पाटावर बसवलं. जेवणानंतर निकिताच्या आईने त्यांना हिरवी साडी दिली, नारळ दिला, पायाला हात लावला. मग म्हणाली, "मॅडम, उद्या ऐतवार हाय. सक्काउनच पायतो आमी सारे. आमच्या फोनवर नाई दिसत, पोरीच्या फोनवर पायतो."

परतताना जीपमध्ये मॅडम साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"पोरीचा गळा चांगला हाय."

"आणि गाणं?"

"रोडगे खमंग होते," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी फोन उघडला. एक नंबर: निकिता.

मला वाटलं, माझाच कान कच्चा असेल. मी काही पोळ्या लाटताना गाणी ऐकत नाही. पण सोमवारी मॅडम नकाशा टांगताना गुणगुणल्या ते दोन नंबरचं गाणं. शेजारच्या वर्गात मी थांबून ऐकलं. दोन नंबरचंच. पोरींनी पहिल्या नंबरचा ताल धरला होता, तो जुळेना, म्हणून त्या गडबडल्या. मॅडमच्या ते लक्षात आलं आणि त्या एकदम गप्प झाल्या. त्या दिवशी नकाशा वाकडाच टांगला गेला.

डब्याच्या वेळी त्यांनी डबा उघडला नाही. मी जवळ जाऊन बसले. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भीड पडली वो. भीड भिकेची बहीन, असं माही माय म्हने. सचिवाची नाई पडली मले. रोडग्यांची पडली."

"एवढं काय मॅडम," मी म्हटलं, "पुसलं तर जाईलच ना ते."

"आजच पुसलं ना. म्हनून काय झालं?"

मला तेव्हा ते जरा अतिच वाटलं. दहा गाण्यांची यादी ती काय, आणि तिचा एवढा बाऊ! पण महिन्याभरात निकिता कॉलेजात पेढे घेऊन आली. तिने कोर्स सोडला होता. पुण्याला चालली होती, गायला. बापाचा विरोध होता, आई रडत होती, आणि ही हसत होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडमनं सचिवाच्या पोराचं गानं नाई लावलं, सख्ख्या दिराचं नवावर लावलं. माह्यं एक नंबर लावलं. मंग आता कोनाले इचारू मी?"

मॅडमच्या हातात पेढा होता. सांगायची तीच वेळ होती. त्यांचे ओठ हललेही. पण बाहेर आलं ते एवढंच, "शिकता शिकता गाय ना, बाई."

"एक नंबरवाले शिकता शिकता नाई गात, मॅडम," निकिता म्हणाली आणि वाकून पाया पडली. मॅडमनी पाय मागे घेतले. मी ते पाहिलं. पाया पडणाऱ्या विद्यार्थिनीपासून शिक्षिकेने पाय मागे घेतलेले मी एरवी कधी पाहिले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी उतरंडीत नऊच गाणी होती. यादी सुरूच होत होती दोन नंबरपासून. पुढच्या रविवारीही तसंच. एक नंबरची जागा कोरी. ढोक सरांनी चेष्टेत विचारलं, "मॅडम, वरचं मडकं कुठाय?"

"फुटलं, सर."

सोमवारचं गुणगुणणं बंद झालं. नकाशा मुकाट टांगला जाऊ लागला. पोरींनी काही दिवस वाट पाहिली, मग नवीन तुकडी आली आणि तिला काही माहीतच नव्हतं. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, मग सांगून टाका ना तिला फोन करून!" तर म्हणाल्या, "काय सांगू? तिथं पुन्यात एका खोलीत चौघी राह्यतात. सकाळी उठाले तिच्याजोळ तेवढाच एक नंबर हाय. थो काढून घेऊ?" आणि जरा थांबून, "न सांगनं बी पापच. दोन्हीकून माही मीच चोर." हिरवी साडी त्यांनी कधी नेसली नाही. कुणाला देऊनही टाकली नाही. कपाट उघडलं की ती समोर दिसते, म्हणून कपाट घाईने लावते, असं त्यांनीच मला सांगितलं.

निकिताला पुण्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्रांत मागे उभं राहून गायचं काम मिळालं, तेही सीझनपुरतं. दुसरं गाणं कुणी काढलं नाही. वर्ष-सव्वा वर्षाने ती परत आली आणि पुन्हा पहिल्या वर्षाला बसली, तिच्यापेक्षा लहान पोरींबरोबर. गावात तिला 'गायिका' म्हणू लागले. चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्या बायका विचारायच्या, "काय बापू, तुमची गायिका आली का घरी?" आणि बापू चक्कीचा पट्टा चालू करून द्यायचे, म्हणजे ऐकू येऊ नये.

पोर चिवट. तिने कोर्स पुरा केला आणि अकोल्यात आमच्या कॉलेजच्या मागच्याच रस्त्यावर एका लॅबमध्ये लागली. मॅडमना साखरेचा त्रास होताच. त्या दर काही महिन्यांनी रक्त तपासायला तिथे जाऊ लागल्या. पुढे निवृत्त झाल्या, तरीही अमरावतीहून उपाशीपोटी अकोल्याला यायच्या. अमरावतीत लॅबना काय तोटा आहे? पण मी विचारलं नाही. पहिल्यांदा गेल्या तेव्हा मी सोबत होते. निकिता आनंदाने पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, लोक काई म्हनो. एक डाव तरी मी तुमच्या वरच्या मडक्यात होती. थे कोनी हिसकून घेत नाई." मॅडमनी पदर नीट केला, भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रिपोर्ट कवा भेटन?"

यंदा निकिताने पुन्हा एक गाणं केलं. शब्द तिचेच, बापाच्या चक्कीवर. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, पट्ट्याचा फटफट आवाज, गरम पिठाचा वास. फोनवरच रेकॉर्ड केलेलं, मागे एक ढोलकी. मलाही आवडलं. लिंक मॅडमना पाठवली होती. मी मनात म्हटलं, आता सुटल्या बाई. चांगलं गाणं आहे, वरची जागा कोरीच आहे, लावतील एक नंबर आणि झालं गेलं विसरतील.

रविवारी मी उतरंड उघडली. वरची जागा कोरीच. दोन, तीन, चार, पाच. सहा: निकिता.

मी सकाळीच फोन लावला. "मॅडम, अहो, सहा?"

"सहाच हाय थे," त्या म्हणाल्या. "चांगलं हाय. पोळीवरचा हात थांबला माहा. पन कडवं लांबलं. सहा." आणि मग, "डाव्या हातानं देल्लं, उजव्या हातानं घेतलं, असं वाटन तिले. वाटू दे. पुन्हा खोटं नाई लावत मी."

दोन दिवसांनी पेन्शनच्या कागदांसाठी मॅडम अकोल्याला आल्या. उपाशीच होत्या. मला म्हणाल्या, "चालता का लॅबमंधी? एकटीनं जाववत नाई."

निकिताने आम्हाला बसवलं. नेहमीसारखं हसली. मॅडमची बाही वर सारली, दंडाला रबर बांधलं, बोटांनी शीर शोधू लागली. मान खाली घालूनच म्हणाली, "सहावा नंबर पाह्यला, मॅडम."

"हं."

"खरा हाय ना सहावा?"

"खरा हाय."

निकिताचं बोट शिरेवर थांबलं. "मंग थे पयलंवालं कितवं होतं?"

लॅबमध्ये पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. मला वाटलं, आता मॅडमनी काहीतरी सांगावं, आठवं म्हणावं, दहावं म्हणावं. मॅडमनी चष्मा वर केला आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दहात नोतंच, बाई. तुह्या मायनं वाढलं, साडी देल्ली, मले नाई म्हनता नाई आलं. मी खोटं लावलं. तू गेली तवा बी बोलली नाई. मले लाज वाटते तुह्याकडं पाहाची."

निकिताचा चेहरा रडवेला झाला नाही, रागावलेलाही नाही. आतल्या आत काही मोजत असावी तसा तो नुसता स्थिर झाला. दोन वर्षं मोजत असेल. मग ती म्हणाली, "मूठ आवळा."

मॅडमनी मूठ आवळली. सुई गेली, नळी भरली. "सोडा." कापसाचा बोळा ठेवला, कोपर दुमडलं. "दाबून धरा. लगेच सोडू नका." नळीवर नाव लिहिलं, अक्षर नेहमीसारखंच नीट. आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आम्ही बस स्टँडवर आलो. मी चहा घेऊ म्हटलं, बिस्किटं तरी खा म्हटलं. मॅडमनी मान हलवली. अमरावतीची गाडी लागली होती. मी त्यांना खिडकीची जागा धरून दिली आणि खाली येऊन उभी राहिले. त्यांनी खिडकीतून वाकून मला जवळ बोलावलं.

"किती हलक्या हातानं टोचली वो तिनं," त्या म्हणाल्या. "कळलंच नाई मले. जरा दुखवाले पायजे होतं."

गाडी हलली. मॅडमचं कोपर अजून दुमडलेलंच होतं. रक्त केव्हाच थांबलं असेल, तरी तो कापूस त्यांनी घट्ट दाबून धरला होता. गाडी वळेपर्यंत मी पाहत होते. त्यांनी तो सोडला नाही.